तळटीप १२ : 'नाशिकचा बापू'

१२. रमेशचंद्र ऊर्फ बापू नाडकर्णी (१९३३–२०२०), जन्म नाशिक. डावखुरे फलंदाज आणि डावखुरे फिरकी गोलंदाज. खानदेशातल्या फैजपूरच्या पोरांना नाशिककर 'आपला' का वाटावा, हे मुंबईकर वाचकासाठी सांगायला हवे. आपल्याकडे रणजी करंडकात खानदेश आणि नाशिक दोन्ही महाराष्ट्राच्या संघात मोडतात, मुंबईचा संघ निराळा. नाडकर्णी पुणे विद्यापीठाकडून रोहिंटन बारिया करंडकात खेळले आणि १९५१-५२ मध्ये महाराष्ट्राच्या संघात आले. पहिले शतक त्यांनी ठोकले तेही मुंबईविरुद्ध, ब्रेबॉर्नवर! मद्रासला १९६४ मध्ये टाकलेली सलग २१ निर्धाव षटके सर्वांना पाठ असतात. त्यापायी त्यांच्या फलंदाजीकडे दुर्लक्ष झाले, असे आमचे मत. डिसेंबर १९५५ मध्ये दिल्लीत न्यूझीलंडविरुद्ध विनू मंकड विश्रांती घेत होते, म्हणून नाडकर्णींना पहिली कसोटी मिळाली. तीत ५७ षटके टाकून बळी एकही नाही, पण फलंदाजीत नाबाद ६८. मंकड परतताच नाडकर्णींना वगळण्यात आले. – संपा.