पावलांचा हिशेब

आमच्या दिघाशीत अंतर सांगण्याची जुनी मापे अजून पुरती मेलेली नाहीत. कोणी ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणतो, कोणी ‘तंबाखू मळून होईतो पोचाल’ असे सांगतो. भिवंडी तालुक्यातल्या या मापांना मी हसत नाही. त्यांत चालणारा माणूस तरी असतो. मैल आले, किलोमीटर आले, तेव्हा रस्ता नेमका मोजला गेला आणि माणूस त्यातून गळला.

माणसाच्या पावलांवर या देशात मोठे काम उभे राहिले, हे खरे. कुमाऊंतला नैनसिंग रावत, आमच्याच पेशातला, म्हणजे शाळामास्तर. सर्वेक्षण खात्याच्या कामावर तो वेष पालटून 1866 साली ल्हासाला पोचला. जपमाळेचे मणी 108 असायचे. याच्या माळेत 100च होते. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. माळ पुरी झाली की दहा हजार पावले. (1965 साली जपानात विक्रीस आलेल्या पाऊलमापकाच्या नावाचा अर्थही ‘दहा हजार पावलांचा मापक’ असाच होता, योगायोग मौजेचा आहे.) परंतु ज्या पावलांनी तिबेट मोजला ती कोठे थकली, किती वेळ थांबली, याच्याशी साहेबांना कर्तव्य नव्हते. त्यांना नकाशा हवा होता.

उपग्रहांची हकीकतही तशीच सुरू झाली. अमेरिकेने या कामाचा पहिला उपग्रह 1978 साली सोडला, तो लष्करासाठी. सामान्यांना मिळणाऱ्या संकेतांत पुढे मुद्दाम खोट मिसळीत, त्यामुळे जागा शंभर मीटरांपर्यंत चुके. मे 2000 मध्ये ती खोट काढली, आणि खिशात मावणारे स्वस्त यंत्र चालणे मोजण्याच्या कामाचे झाले.

फ्रान्समधल्या आंझे येथील संशोधकांनी 2007 साली अशा एका यंत्राने आणि आकडेमोडीच्या साध्या तक्त्याने उघड्यावरचे चालणे मोजता येते असे दाखविले. लगेच 2008 साली पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या रुग्णांचे चालणे या रीतीने मोजल्याचे प्रसिद्ध झाले. अशा माणसाची पोटरी थोडे चालताच दुखू लागते. थांबले की दुखणे ओसरते, मग पुन्हा चालता येते. डॉक्टर विचारतात, ‘न थांबता किती चालता?’ रोगी अंदाजाने बोलतो. आमच्याकडचा तर ‘देवळापर्यंत’ म्हणेल आणि कोणते देऊळ ते सांगणार नाही! दवाखान्यातल्या फिरत्या पट्ट्यावरचे चालणे निराळे, आपल्या वाटेवरचे निराळे. यंत्र ठरल्या वेळाने जागा टिपत जाते. कोठवर गेला, किती वेळ उभा राहिला, पुन्हा कोठवर गेला, सगळे कागदावर येते. नैनसिंगाच्या माळेने जे टाकले, तेच येथे मोजले जाते.

मात्र या यंत्राला आकाश दिसावे लागते. एका वेळी निदान चार उपग्रहांचे संकेत मिळावे लागतात. दाट झाडीत, भिंतीआड ते गोंधळते, उभ्या माणसालाही इकडेतिकडे हललेला दाखविते. चुलीपासून ओसरीपर्यंत, ओसरीपासून गोठ्यापर्यंत दिवसभर येरझारा घालणाऱ्या बाईच्या कमरेला ते बांधले, तर सायंकाळी एकाच जागी रेघांची गिचमीड उमटेल आणि वाचणारा म्हणेल, बाई घरीच होती. तिची पोटरी कोणत्या खेपेला दुखू लागली, हे तिलाच विचारावे लागेल.