पिवळी चंद्रकोर आणि रेटिनोइक आम्ल

समुद्रातील खडकांना व जहाजांच्या बुडाला चिकटून राहणारा, स्पर्श होताच अंगातील पाण्याची पिचकारी सोडणारा ॲसिडियन हा पिशवीसारखा प्राणी दीर्घकाळ शिंपले-गोगलगायींच्या, म्हणजे मृदुकाय प्राण्यांच्या, गोतावळ्यातला मानला जात असे. हा समज मोडला तो अलेक्झांडर कोवालेव्स्की या रशियन भ्रूणवैज्ञानिकाने. या प्राण्याच्या डिंभाच्या, म्हणजे अंड्यातून बाहेर पडून पोहणाऱ्या बाल्यरूपाच्या, शेपटीत पृष्ठरज्जू हा आधार देणारा लवचीक दांडा असतो आणि त्याच्या पाठीकडे चेतारज्जू असतो, हे त्याने १८६६ मध्ये दाखवले. ही दोन्ही लक्षणे पृष्ठवंशी प्राण्यांच्या भ्रूणातही आढळत असल्याने डार्विनने १८७१ च्या आपल्या ग्रंथात या शोधाला मानवाच्या पूर्वजांच्या चर्चेत स्थान दिले.

पुढचा प्रश्न अधिक खोल होता: भ्रूणातील कोणत्या पेशीचे पुढे काय व्हायचे, हे ठरते कशाने? फ्रान्सच्या लॉराँ शाब्रीने १८८७ मध्ये काचेच्या बारीक सुईने दोन पेशींच्या भ्रूणातील एक पेशी नष्ट केली, तेव्हा उरलेल्या पेशीपासून सर्वसाधारणपणे अर्धाच भ्रूण तयार झाला. अमेरिकेतील वुड्स होल येथे एडविन कॉंक्लिनला स्टायेला या ॲसिडियनच्या फलित अंड्यात पिवळ्या रंगाची एक चंद्रकोर दिसली. तिचा मागोवा घेत १९०५ मध्ये त्याने दाखवून दिले की तो पिवळा द्रव ज्या पेशींच्या वाट्याला येतो, त्यांच्यापासूनच शेपटीचे स्नायू बनतात. केवळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून केलेले हे निरीक्षण जीवशास्त्रातील उत्कृष्ट कामांपैकी एक होय. मात्र त्यावरून ॲसिडियनचे अंडे 'मोझेइक' आहे, त्यातील प्रत्येक भागाचे भवितव्य आधीच ठरलेले आहे, हे मत इतके रूढ झाले की पेशी एकमेकींना काय सांगतात या प्रश्नाकडे बराच काळ पुरेसे लक्ष गेले नाही.

पुढे पेशींमधल्या या संवादाकडे लक्ष वेधणाऱ्या रेणूंपैकी एक म्हणजे रेटिनोइक आम्ल. ते 'अ' जीवनसत्त्वापासून तयार होते, पेशीतील ग्राही प्रथिनाला जोडले जाते आणि त्यामुळे ठरावीक जनुके कार्यान्वित होतात. पृष्ठवंशी भ्रूणात शरीराचा पुढचा व मागचा भाग ठरवणारी हॉक्स जनुके त्यांपैकीच. जपानमध्ये खाल्ल्या जाणाऱ्या हालोसिंथिया या ॲसिडियनच्या भ्रूणांना हे आम्ल बाहेरून दिल्यास हॉक्स-१ जनुकाचे कार्यक्षेत्र डोक्याकडे सरकते, हे १९९५ मध्ये तेथील संशोधकांनी दाखवले. पुढे सायोना या दुसऱ्या ॲसिडियनमध्ये हे आम्ल तयार करणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) जनुक शेपटीच्या स्नायूंपैकी अगदी पुढच्या पेशींत कार्यरत असल्याचे दिसले. येथे जुना आणि नवा इतिहास एकत्र येतो, कारण कॉंक्लिनने चंद्रकोरीपासून ज्यांचा वंश शोधला, त्याच प्रकारच्या पेशी या आम्लाद्वारे शेजारच्या त्वचेला व चेतारज्जूला संदेश पाठवतात. भवितव्य आधी ठरलेली पेशीच इतरांचे भवितव्य ठरवू लागते. २०१२ मधील जपानी प्रयोगांत या संदेशाने जागृत झालेले हॉक्स-१ त्वचेत नसेल तर पाणी बाहेर टाकणाऱ्या छिद्राचा मूळ त्वचांकुरच तयार होत नाही, असे आढळले. हा अंकुर पृष्ठवंशी प्राण्यांच्या कानाच्या अंकुराशी समकक्ष मानला जातो.

तरीही रेटिनोइक आम्लाला रज्जुमान, म्हणजे पृष्ठरज्जू असलेल्या, प्राण्यांच्या घडणीचा अपरिहार्य सूत्रधार म्हणता येत नाही. ॲसिडियनचा नातलग असलेल्या ओइकोप्ल्यूरा या आयुष्यभर पोहणाऱ्या प्राण्याने हे आम्ल बनवणारी, मोडणारी आणि ओळखणारी नेहमीची जनुके उत्क्रांतीच्या ओघात गमावली आहेत, आणि तरीही त्याच्या शेपटीत पृष्ठरज्जू व चेतारज्जू दोन्ही असतात.