एकच स्ट्रीमिंग सेवा चालेना? राउटर 'रीसेट' करण्यापूर्वी हे तपासा

जालना (प्रतिनिधी) - घरातील इंटरनेट पूर्णपणे बंद पडले, तर दोष शोधणे तुलनेने सोपे असते. राउटरवरचा लाल दिवा पाहून कंपनीला दूरध्वनी केला, की बहुधा काम भागते. खरा गोंधळ उडतो तो वेगळ्याच प्रसंगी. यूट्यूब चालते, व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश येतात, बँकेचे संकेतस्थळही उघडते. मात्र एखादी स्ट्रीमिंग सेवा तेवढी काही केल्या सुरू होत नाही. पडद्यावर चक्र फिरत राहते किंवा न समजणारा एखादा त्रुटी क्रमांक दिसतो.

अशा वेळी अनेकजण टाचणी घेऊन राउटरच्या मागील बारीक छिद्रातील 'रीसेट' बटण दाबून धरतात. या बटणाने राउटर नुसता पुन्हा सुरू होत नाही. त्यात साठवलेली सारी माहिती पुसली जाते आणि त्यात कंपनीने दिलेले जोडणीचे नाव व पासवर्डही जाऊ शकतात. म्हणजे एक सेवा बंद होती, ती सुरू होण्याऐवजी घरातील संपूर्ण इंटरनेटच बंद पडते. जालना शहरात तंत्रज्ञ त्याच दिवशी येईलही. मंठा, घनसावंगी किंवा जाफराबाद तालुक्यातील एखाद्या गावात तो येईपर्यंत वाट पाहावी लागते. तोवर मुलांचा ऑनलाइन वर्ग, पीकविम्याचा अर्ज, दुकानातील क्यूआर कोडवरचे व्यवहार, सारेच अडते. म्हणूनच दोष नेमका कोठे आहे, हे आधी शोधावे आणि राउटरला हात नंतर लावावा. त्यासाठी लागणाऱ्या बहुतेक चाचण्या घरबसल्या आणि विनाखर्च करता येतात.

मुळात बिघडते काय?

जालना बसस्थानकातून सगळ्या गाड्या वेळेवर सुटत आहेत आणि एकट्या अंबडचीच गाडी सुटत नाही, अशी कल्पना करा. यावरून बसस्थानक बंद पडले, असा निष्कर्ष कोणी काढणार नाही. बिघाड त्या गाडीत असेल, रस्त्यात असेल, नाहीतर थेट अंबडला असेल. राउटरचेही असेच आहे. इतर सेवा सुरळीत चालत असतील, तर तो निकामी झालेला नाही, एवढे निश्चित.

स्ट्रीमिंग सेवेचे बटण दाबल्यावर चार कामे एकामागून एक होतात. सेवेच्या नावावरून तिचा अंकांतला पत्ता शोधला जातो. हे काम डीएनएस नावाची यंत्रणा करते. त्यानंतर त्या पत्त्याकडे जाणारी वाट जोडली जाते. मग ग्राहकाचे खाते, वर्गणी आणि तो कोणत्या देशातून पाहत आहे, याची तपासणी होते. शेवटी चित्रपट प्रत्यक्ष पाठवणारा सर्व्हर कामाला लागतो. हा सर्व्हर परदेशातच असतो असे नाही. नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये 'ओपन कनेक्ट' ही योजना जाहीर केली. तीनुसार चित्रपटांच्या प्रती साठवणारी यंत्रे इंटरनेट कंपन्यांच्याच जाळ्यात बसवली जातात. प्रत्येक सेवेची वाट अशी निराळी असल्यामुळेच एक सेवा अडते आणि बाकीच्या चालत राहतात.

आधी पाहावे : सेवा सुरू आहे का?

कधीकधी दोष मुळात सेवेकडेच असतो. १६ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी (भारतीय वेळेनुसार) माइक टायसन व जेक पॉल यांच्या मुष्टियुद्धाचे थेट प्रक्षेपण नेटफ्लिक्सवर सुरू होते, तेव्हा अनेक देशांतील प्रेक्षकांना चित्र अडखळत असल्याचा अनुभव आला. २० ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीत, अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकेतील क्लाउड केंद्रात डीएनएसच्या नोंदीत बिघाड झाला आणि प्राइम व्हिडिओसह जगभरातील कितीतरी सेवा विस्कळीत झाल्या. अशा दिवशी आपला राउटर दहादा बंद-चालू करूनही उपयोग नसतो. 'डाउनडिटेक्टर'सारख्या संकेतस्थळावर किंवा सेवेच्या मदतपानावर पाहिल्यास दोन मिनिटांत उलगडा होतो.

सेवेचे नाव बदललेले असण्याचीही शक्यता असते. जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार या सेवा एकत्र होऊन १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओहॉटस्टार सुरू झाली. जुन्या टीव्हीवरील जुने अ‍ॅप त्यामुळे चालत नसेल, तर त्यात राउटरचा काय दोष? याखेरीज केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये अश्लील आशयाच्या कारणावरून १८ ओटीटी सेवा बंद केल्या. सरकारी आदेशाने रोखलेली सेवा घरातील कोणत्याही उपायाने सुरू होणे अपेक्षित नाही.

मोबाइलची कसोटी

दोषाची जागा शोधण्याचे सर्वांत खात्रीचे साधन आपल्या खिशातच असते. मोबाइलवर तीच सेवा, त्याच खात्याने, आधी वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर आणि नंतर घरच्या वाय-फायवर चालवून पाहावी. त्यातून तीन निष्कर्ष निघतात.

१) मोबाइल डेटावरही सेवा चालत नसेल, तर दोष सेवेत किंवा आपल्या खात्यात आहे.
२) मोबाइल डेटावर चालते, पण घरच्या वाय-फायवर त्याच मोबाइलवर चालत नाही, तर दोष राउटरमध्ये किंवा इंटरनेट कंपनीच्या वाटेत आहे.
३) मोबाइलवर दोन्ही प्रकारे चालते, पण टीव्हीवर चालत नाही, तर दोष टीव्हीत आहे.

शंका उरलीच, तर मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून टीव्ही त्याला जोडावा. मात्र त्यात डेटा भरभर खर्च होतो, त्यामुळे चाचणी दोन-चार मिनिटांत आटोपावी.

दोष खात्यात किंवा टीव्हीत असेल तर

वर्गणी संपली आहे का आणि एका वेळी किती पडद्यांची परवानगी आहे, हे पाहावे. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून भारतातही एका खात्याचा वापर एकाच घरापुरता मर्यादित केला. त्यामुळे पुण्यात शिकणारा मुलगा आणि परतूरचे घर एकच खाते वापरत असतील, तर एका बाजूला अडथळा येणारच.

टीव्हीच्या बाबतीत रिमोटने बंद करणे पुरेसे नसते. तसे केल्यावरही टीव्ही आतून जागाच राहतो. भिंतीवरचे बटण बंद करून एक मिनिट थांबावे. त्यानंतर अ‍ॅपची नवी आवृत्ती आली आहे का ते पाहावे आणि अ‍ॅपचा तात्पुरता साठा, म्हणजे 'कॅशे', पुसावा. टीव्हीवरील तारीख व वेळ अवश्य तपासावी. सुरक्षित जोडणीसाठी लागणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रांना मुदत असते. टीव्हीचे घड्याळ चुकलेले असेल, तर वैध प्रमाणपत्रही त्याला बाद वाटते आणि जोडणी नाकारली जाते. अ‍ॅप काढून पुन्हा टाकण्यापूर्वी खात्याचा पासवर्ड हाताशी असल्याची खात्री करावी.

दोष राउटरकडे निघाला तर

येथे एक नियम पाळावा : एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलापूर्वी आधीची नोंद वहीत. बदलाचा उपयोग झाला नाही, तर जुनी स्थिती परत आणून मगच पुढे जावे.

पुन्हा सुरू करणे : फायबरची पेटी व राउटर वेगळे असल्यास दोन्हींचा वीजपुरवठा एक मिनिट बंद ठेवावा. आधी पेटी सुरू करावी, तिचे दिवे स्थिरावल्यावर राउटर. हे 'रीस्टार्ट' आहे, 'रीसेट' नव्हे. यात काहीही पुसले जात नाही.

वेग : नेटफ्लिक्सच्या सूचनेनुसार फुल एचडी चित्रासाठी सेकंदाला ५ मेगाबिट, तर फोर-के चित्रासाठी १५ मेगाबिट वेग लागतो. नेटफ्लिक्सचे 'फास्ट डॉट कॉम' हे संकेतस्थळ त्या कंपनीच्याच सर्व्हरपासूनचा वेग मोजते. अन्य संकेतस्थळावर वेग उत्तम आणि येथे मात्र अगदीच कमी दिसत असेल, तर नेटफ्लिक्सकडे जाणाऱ्या वाटेतच अडचण आहे, असे समजावे. राउटरचे २.४ गिगाहर्ट्झ व ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात. पहिला दूरवर पोचतो, दुसरा वेगवान पण भिंतींपुढे दुबळा. टीव्ही दुसऱ्या पट्ट्यावर जोडून किंवा शक्य असल्यास थेट लॅन केबल लावून पाहावे.

डीएनएस : एकाच सेवेच्या तक्रारीत हा संशयित अग्रक्रमाने तपासावा. बसस्थानकातील फलकावर चुकीचा फलाट लिहिला, तर प्रवासी भलतीकडे जातो, तसे येथे होते. बदल आधी फक्त टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये करावा. तेथे गुगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा पत्ता (इंग्रजी अंकांत) भरावा. सेवा सुरू झाली, तर दोष सापडला. मगच हा बदल राउटरमध्ये करावा. राउटरमधील डीएनएसचा पत्ता अनोळखी दिसला, तर मात्र सावध व्हावे. 'डीएनएसचेंजर' या कुप्रसिद्ध घातक प्रोग्रामने जगभरातील लाखो संगणकांचे पत्ते असेच बदलले होते; त्याचे ताब्यात घेतलेले सर्व्हर ९ जुलै २०१२ रोजी बंद करण्यात आले. राउटरचा मूळ पासवर्ड बदललेला नसेल, तर तो आजच बदलावा.

व्हीपीएन व गाळण्या : मोबाइल अथवा राउटरवरील व्हीपीएन, जाहिराती रोखणारी सुविधा आणि मुलांसाठी लावलेले निर्बंध थोडा वेळ बंद करून पाहावेत. व्हीपीएनमुळे आपण दुसऱ्या देशात असल्याचा समज होऊन सेवा नकार देते.

आयपीव्ही६ : इंटरनेटवर सध्या पत्त्यांच्या दोन पद्धती शेजारी शेजारी नांदतात, जुनी आयपीव्ही४ आणि नवी आयपीव्ही६. कंपनीच्या जाळ्यात नव्या पद्धतीची वाट अर्धवट असेल, तर ती वापरणाऱ्या सेवाच तेवढ्या अडतात. राउटरमध्ये आयपीव्ही६ तात्पुरते बंद करून पाहावे. सेवा सुरू झाली, तर ही माहिती कंपनीला कळवावी.

एमटीयू : माहितीच्या एका पाकिटाचा कमाल आकार म्हणजे एमटीयू. सर्वसाधारणपणे तो १५०० बाइट असतो. नाव व पासवर्ड टाकून सुरू होणाऱ्या, म्हणजे पीपीपीओई पद्धतीच्या जोडणीत ८ बाइट वेष्टनातच खर्च होतात, म्हणून तेथे १४९२ हा आकडा योग्य. तो चुकल्यास लहान पाकिटे जातात, मोठी वाटेतच हरवतात. पान अर्धवट उघडून थांबणे हे त्याचे लक्षण होय.

कंपनीला काय सांगावे?

'नेट चालत नाही' असे म्हटल्यास पलीकडून 'राउटर बंद-चालू करा' हेच उत्तर येते. त्याऐवजी 'अमुक सेवा मोबाइल डेटावर चालते, तुमच्या जोडणीवर दोन उपकरणांत चालत नाही, डीएनएस बदलूनही फरक नाही', असे वेळ व त्रुटी क्रमांकासह सांगावे. अनेक कंपन्या कित्येक घरांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देतात. त्या पत्त्यावर एखाद्या सेवेने बंदी घातली किंवा त्याची नोंद चुकून परदेशातील झाली, तर निरपराध ग्राहकही अडतो. हा दोष केवळ कंपनीच दुरुस्त करू शकते.

एखादी वैध सेवा मुद्दाम अडवणे वा संथ करणे कंपनीला नियमाने मान्य नाही. दूरसंचार विभागाने जुलै २०१८ मध्ये नेट समानतेचे तत्त्व स्वीकारले आहे. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

रीसेट करायचेच झाले, तर जोडणीचे नाव, पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक आणि वाय-फायचे नाव लिहून घ्यावे, सेटिंगच्या पानांचे छायाचित्रही काढून ठेवावे. ही माहिती नसेल, तर रीसेट तंत्रज्ञासमोरच करावे.

शेवटची सावधगिरी पैशांची. गुगलवर शोधून सापडलेला 'कस्टमर केअर' क्रमांक भामट्यांचा असू शकतो. क्रमांक नेहमी बिलावरून किंवा अधिकृत अ‍ॅपमधून घ्यावा. दुरुस्तीसाठी कोणी ओटीपी मागितला किंवा मोबाइलचा पडदा दिसणारे अ‍ॅप टाकायला सांगितले, तर दूरध्वनी तत्काळ बंद करावा. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे. पैसे पुढे सरकण्याआधी रोखण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.