दक्षिणा फेलोशिप

मुंबई इलाख्यातील एकोणिसाव्या शतकातली नामांकित अभ्यासवृत्ती. तिचे मूळ पेशवाईत आहे. श्रावणात पुण्याला पर्वतीच्या रमण्यात (बंदिस्त आवारात) शास्त्री-पंडितांची रीघ लागे. वेदशास्त्रातील अधिकार पाहून त्यांना दक्षिणा मिळे.

१८१८ नंतर इंग्रजांनी हा पैसा टप्प्याटप्प्याने शिक्षणाकडे वळवला. १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ मध्ये पुण्यातील सुधारकांनी अर्ज केला, की या निधीतून मराठी ग्रंथकारांनाही उत्तेजन द्यावे. जुन्या मंडळींचा रोष पत्करून केलेली ही मागणी खरोखर धाडसाची होती. पुढे मराठी ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली आणि याच निधीतून दक्षिणा फेलोशिपही दिली जाऊ लागली.

रा. गो. भांडारकर, न्या. रानडे, गोपाळ गणेश आगरकर हे सारे दक्षिणा फेलो. फेलोने स्वतःचा अभ्यास करता करता महाविद्यालयात शिकवायचेही असे. महाराष्ट्राच्या प्रबोधनाला या वृत्तीइतका हातभार फार थोड्या सरकारी खर्चांनी लावला.