विभागाआधी जन्मलेला विषय : कानपूर, १९६३

१/ विद्यापीठात नवा विषय कसा रुजतो? आधी विभाग, मग पदवीचे वर्ग आणि शेवटी संशोधन, असा सर्वसाधारण समज आहे. भारतात संगणकशास्त्र मात्र उलट्या क्रमाने आले. त्या उलट्या क्रमाचा हा इतिहास.

२/ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने ‘टिफ्रॅक’ हा संगणक स्वतः बांधला. १९६० मध्ये तो कार्यान्वित झाला. यंत्र घडवण्याची क्षमता देशात होती, हे त्याने सिद्ध केले. परंतु संगणक हाच अभ्यासविषय मानणारे विद्यार्थी कुठे घडणार, हा प्रश्न शिल्लक होता.

३/ त्याचे एक उत्तर कानपूरमध्ये मिळाले. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या तेथील आयआयटीला १९६२ ते १९७२ या काळात नऊ अमेरिकी विद्यापीठांच्या संघाचे साहाय्य लाभले. ऑगस्ट १९६३ मध्ये तेथे आयबीएम १६२० हा संगणक बसवण्यात आला.

४/ या यंत्राची गंमत पाहा. १६२० च्या पहिल्या आवृत्तीत बेरजेसाठी स्वतंत्र विद्युतमंडल नव्हते. बेरीज-गुणाकाराची कोष्टके स्मृतीत साठवलेली असत आणि यंत्र त्यांतून उत्तर शोधून काढी. थोडक्यात, हा संगणक पाढे पाठ करून गणित सोडवत असे!

५/ पुढाकार विद्युत अभियांत्रिकी विभागाचा होता. विभागप्रमुख एच. के. केशवन हेच संगणक केंद्राचेही प्रमुख झाले. आरंभी मार्गदर्शनास होते बर्कलीचे हॅरी हस्की. १९४७ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत ॲलन ट्युरिंग यांच्या संगणक-प्रकल्पावर त्यांनी काम केले होते.

६/ केंद्राने यंत्र कुलूपबंद ठेवले नाही. विद्यार्थ्यांबरोबरच बाहेरच्या अभियंत्यांसाठी आणि वैज्ञानिकांसाठीही दहा-दहा दिवसांचे प्रोग्रॅमिंगचे वर्ग भरू लागले. शिकलेली माणसे ते ज्ञान घेऊन आपापल्या संस्थांत परतली.

७/ दशकाच्या मध्यास विद्युत अभियांत्रिकीच्या छत्राखाली संगणक हा एम.टेक. आणि पीएच.डी.चा पर्याय झाला. १९७१ मध्ये या दोन पदव्यांचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला. बी.टेक. आले ते १९७८ मध्ये. म्हणजे कळस आधी, पाया नंतर!

८/ हा उफराटा क्रम असमंजस नव्हता. पदवीच्या वर्गांना शिक्षक हवेत, शिक्षक घडायला संशोधन करणारा गट हवा आणि त्यांच्या हाती पुस्तके हवीत. तेथील प्राध्यापक व्ही. राजारामन यांचे फोर्ट्रानवरील पाठ्यपुस्तक १९६९ मध्ये आले. पुढे त्यांच्या पुस्तकांवर अनेक पिढ्या शिकल्या.

९/ या यशाला दुसरी बाजूही आहे. मुंबईने यंत्र स्वतः घडवले होते, कानपूरने ते आयात केले. शिवाय शिकलेले अनेक जण परदेशी गेले. तरीही काही येथेच राहिले. १९६९ मध्ये कानपूरहून एम.टेक. झालेले नारायण मूर्ती यांनी सहकाऱ्यांसह १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिसची स्थापना केली.

१०/ ते १६२० यंत्र केव्हाच कालबाह्य झाले. त्याच्याभोवती जमलेल्या माणसांनी मात्र पुढची माणसे घडवली. संस्थांच्या इतिहासात यंत्राच्या आगमनाची तारीख ठळक नोंदली जाते. पण विषय रुजतो तो शिकलेला माणूस दुसऱ्याला शिकवू लागतो तेव्हा.