तक्षीम

तक्षीम : वतन, इनाम किंवा सामाईक जमीन यांतील हिस्सा; तसेच असे हिस्से पाडण्याची क्रिया. मूळ अरबी ‘तक्सीम’ हा शब्द फार्सीच्या द्वारे मराठी दप्तरात आला. ‘किस्मत’ हा शब्दही त्याच धातूचा. वाट्याला आलेले ते दैव. हिस्सा धारण करणारा तो तक्षीमदार.

मराठा अंमलात तक्षीम ही जमिनीच्या तुकड्याइतकीच हक्काचीही असे. निम्मी पाटीलकी विकली, म्हणजे उत्पन्नाबरोबर मानपानही विभागले जात आणि विडा आधी कोणी घ्यावा यावरून उद्‌भवलेले तंटे गोतसभेपुढे येत. हिस्से आण्यांत मोजीत : सोळा आण्यांपैकी चौघा भावांना चार-चार आणे, पुढे त्यांतील एकाच्या तिघा मुलांना प्रत्येकी एक आणा चार पै. प्रत्यक्ष वाटप सरसनिरस मानाने होई. म्हणजे चांगल्या व हलक्या अशा दोन्ही प्रतींच्या जमिनीत प्रत्येकाला वाटा मिळे. विहीर फोडता येत नसल्याने पाण्याच्या पाळ्या ठरवीत. वाटपाच्या या न्यायबुद्धीनेच शेतांचे तुकडे वाढत गेले व १९४७ मध्ये मुंबई प्रांतात तुकडेबंदीचा कायदा करावा लागला. महसुली पाटलांची वतने १९६२ च्या कायद्याने रद्द झाली. जमिनीतील तक्षीम मात्र पोटहिश्शाच्या रूपाने टिकली.

पुण्यालगतच्या हवेली तालुक्यातील पिंपरी-चिंचवड भागात तिला वेगळे वळण लागले. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना (१९५४), महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (१९६२) व नवनगर विकास प्राधिकरण (१९७२) यांच्या काळात शेतजमिनी संपादित होत गेल्या. शेताच्या जागी मोबदला आला. रुपयाला सरस-निरस नसते. प्रश्न उरतो तो नोंदीत नाव कोणाचे, एवढाच. मोबदल्याच्या वाटपाचा वाद १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली न्यायालयाकडे पाठविता येत असे; परंतु वडिलार्जित एकत्र मिळकतीत मिताक्षरा पद्धतीनुसार मुलीला जन्मतः हिस्साच नव्हता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तिला मृत पित्याच्या स्वतःच्या हिश्शातील वाटा दिला, तोही पुष्कळदा हक्कसोडपत्राने भावांकडे जाई. जन्मसिद्ध हिस्सा महाराष्ट्रात १९९४ मध्ये, त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींपुरता आणि देशभर २००५ मध्ये सर्वच मुलींना मिळाला. पिता हयात असण्याची अट त्यास नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरविले. तथापि २० डिसेंबर २००४ पूर्वीचे विक्रीव्यवहार व रीतसर वाटपे या सुधारणेने बदलत नाहीत. खेड तालुक्यातील चाकणकडे औद्योगिक पट्टा सरकला, त्यानंतरच्या वाटपांत बहिणींच्या सह्या म्हणूनच मोलाच्या ठरल्या.