कोटणीसांचं अर्धं पुस्तक

यंदा गड्ड्याला सोलापूरला आलो, तेव्हा लॅपटॉप मुद्दाम पुण्यातच ठेवला होता. होम मैदानावर भाच्याला पाळण्यात बसवलं आणि फोन वाजला. सिस्टिम बंद पडली होती. ती परत कशी उठवायची, हे फक्त मला माहीत होतं. खरं सांगायचं तर मी ते कुठे लिहूनच ठेवलं नव्हतं. आपल्यावाचून अडलं पाहिजे, एवढा साधा हिशोब. पाळण्याखाली एका कानात बोट घालून मी कमांड सांगत होतो आणि पलीकडची ज्युनिअर मुलगी प्रत्येक ओळ तीनदा विचारत होती. दीड तास गेला. भाचा रडून झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीस स्मारकात गेलो. शाळेच्या सहलीत पाहिलं होतं, तेव्हा डोकं बाहेरच्या पाणीपुरीत होतं.

द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनला काँग्रेसने डॉक्टरांचं पथक पाठवलं. पाच जण. प्रमुख डॉ. अटल स्पेनच्या युद्धात काम करून आलेले, नागपूरचे डॉ. चोळकर वयाने बरेच मोठे, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि २७ वर्षांचे कोटणीस. म्हणजे माझ्याच वयाचे! चीनमध्ये पाचही जणांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी 'हुआ' जोडलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले 'के दिहुआ'.

पुढे तिघे परतले. बसू आणि कोटणीस राहिले. जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले.

इथे मी थांबलो. नॉर्मन बेथून हा कॅनडाचा सर्जन. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, जंतुसंसर्ग झाला आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये तो गेला. त्याला तिथे देवासारखं मानत. अशा माणसाच्या खुर्चीत बसायचं, तेही परक्या देशातून येऊन. टीम लीड बदलला की आमच्याकडे सहा महिने 'आधीचे सर असं करायचे' चालतं, मग तिथे काय असेल?

कोटणीसांची सलग ७२ तासांच्या शस्त्रक्रियांची गोष्ट सगळे सांगतात. ती मोठीच आहे, पण अशा गोष्टी ऐकून माझ्यासारखे लोक रात्रभर जागतात आणि स्वतःला हिरो समजतात. मला त्यांची दुसरी कामं जास्त भावली. ते चिनी शिकले, बोलण्यापुरतं नव्हे, तर वर्गात शिकवण्याइतकं. आणि शस्त्रक्रियेच्या मूलतत्त्वांवर चिनी भाषेत पाठ्यपुस्तक लिहिलं. विचार करा, औषधं अपुरी, शत्रू जवळ, स्वतःला अपस्माराचे झटके येत आहेत आणि हा माणूस लिहीत बसलाय. आपल्या हातातलं दुसऱ्याच्या हातात जावं म्हणून.

लग्नही तिथेच झालं, नर्सिंग शिकवणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत. ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस गेले, वय ३२. दुसरं पुस्तक अर्धं राहिलं. पण ज्यांना शिकवलं होतं ते होते, आणि पहिलं पुस्तक होतं. ते रुग्णालय आजही शिजियाझुआंगला चालू आहे.

पुण्याला परतल्यावर त्या मुलीला शेजारी बसवलं. मी एकेक पायरी लिहायची, तिने चालवून बघायची. तिसऱ्याच ओळीत ती अडली. फोल्डरचं नाव मी चुकीचं लिहिलं होतं. गड्ड्यातून फोनवरही तेच सांगितलं होतं, असं ती शांतपणे म्हणाली. तेव्हा तिने मला न विचारता ते दुरुस्त केलं होतं.